बेचाळीस शोध आणि समोरचं दुकान

गड्ड्याचे दिवस होते. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा भरली की सोलापुरात पाहुणे येतात आणि पाहुण्यांमागोमाग आमच्या गल्लीत गिऱ्हाईक. पुण्याच्या एक काकू पंधरा वर्षं आमच्याकडून शेंगा चटणी नेतात. यंदा त्यांना यायला जमलं नाही म्हणून भाच्याला पाठवलं. "टिळक चौकाच्या मागं, कुणालाही विचार," एवढाच पत्ता दिला. भाच्याने कुणालाच विचारलं नाही, फोनला विचारलं. फोनने त्याला भलत्याच दुकानात नेऊन सोडलं. तिथून त्याने दोन किलो चटणी आणि पन्नास कडक भाकऱ्या उचलल्या आणि गाडी पकडली. तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला, "यंदा तुमच्या चटणीला तेल सुटलं नाही हो. काय झालं?"

फोन आत्यांनी घेतला होता. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ एवढाच मामला असतो. पण मिक्सरमधून फिरवलं तर भुगा होतो आणि उखळात कुटलं तर तेल सुटून चटणी ओली, चकचकीत होते. आमच्याकडे अजून कुटतात. "तेल सुटलं नाही" हे त्यांच्या कानाला "तराजूत खोट आहे" असं ऐकू आलं. काकूंकडून खरा प्रकार कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "समोरच्यांनीच पळवलं असणार."

समोरचे म्हणजे गल्लीच्या पलीकडच्या बाजूचं दुकान. तोच माल, तेच भाव, जवळपास तेवढीच जुनी दुकानदारी. मी लातूरहून लग्न करून आले त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत समोरच्यांचं नाव आमच्या घरात एकदाही कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. समोरचे, बस.

भाच्याला मी व्हॉट्सअॅपवर विचारलं तर त्याने दुकानाच्या पिशवीचा फोटो पाठवला. समोरचे नव्हते. स्टेशनकडच्या बाजूला चादरी, टॉवेल विकणारं एक दुकान होतं, त्यांनी बाजूच्या रॅकवर चटणीची पाकिटं ठेवलेली. चादरवाले आमच्या धंद्यात आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. इथून मी या भानगडीत पडले.

पहिला प्रयत्न गल्ल्यावर बसूनच केला. फोनवर "शेंगा चटणी" लिहिलं. नकाशा आला, खाली तीन दुकानं, आणि पहिलं नाव आमचं! समोरचे यादीत कुठेच नाहीत. आत्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मग पुण्याच्या पोराला दिसंना कसं झालं? डोळे फुटले होते काय त्याचे?"

प्रश्न बरोबर होता. दिरांना पुण्यात फोन लावला, म्हटलं भाऊजी, तुम्ही तेच टाकून बघा बरं. त्यांना पुण्यातली दुकानं दिसली, त्यात नवल नाही. मग "शेंगा चटणी सोलापूर" असं टाकायला सांगितलं. त्यात चादरवाले होते, एक हॉटेल होतं, मसाल्याचं एक दुकान होतं. आम्ही नव्हतो.

नंतर वाचल्यावर कळलं की यात लपवाछपवी काही नाही, गुगलने स्वतःच लिहून ठेवलंय. जवळपासची दुकानं दाखवताना तीन गोष्टी बघतात: शोधलेल्या शब्दाशी दुकानाचा संबंध किती, शोधणाऱ्यापासून दुकान किती लांब, आणि दुकान किती नावाजलेलं. मी दुकानातच बसून शोधत होते. अंतर शून्य. म्हणजे मी आरशात बघून विचारत होते, या गल्लीत सगळ्यात जवळ कोण आहे?

घरच्या कॉम्प्युटरवर तर आणखी गंमत. शोधाच्या पानाच्या अगदी तळाशी गुगल तुम्हाला कुठे समजतंय ते लिहिलेलं असतं. आमचं ब्रॉडबँड त्याला पुण्याचं वाटत होतं. इन्कॉग्निटो खिडकी उघडली की खरं दिसतं असं ह्यांच्या मित्राने सांगितलं होतं. ते अर्धंच खरं. जुने शोध त्याने विसरले जातात, पण तुम्ही कुठे बसलाय ते विसरलं जात नाही.

आता शहरातल्या वेगवेगळ्या ठिकाणांवरून आपण कितव्या नंबरला आहोत हे दाखवणारी सॉफ्टवेअरं मिळतात. नकाशावर पाच बाय पाच, सात बाय सात असे ठिपके टाकतात, हिरवे, पिवळे, लाल. पैसे डॉलरमध्ये. आमच्याकडे स्कूटी होती.

पण स्कूटी काढण्याआधी शोधायचं काय हे ठरवायला हवं होतं, आणि या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्या आठवड्याने. मला वाटत होतं लोक "शेंगा चटणी" लिहितात, कारण आम्ही तसं म्हणतो. गल्ल्यावर येणाऱ्या प्रत्येक अनोळखी गिऱ्हाइकाला विचारायला लागले, "तुम्ही आम्हाला कसं शोधलंत? फोनवर काय टाकलंत?" आत्यांना हे लाजिरवाणं वाटायचं. "गिऱ्हाइकाची चौकशी करालीस होय गं?" म्हणायच्या. पण लोक आनंदाने सांगत होते, फोन काढून दाखवत होते.

पुणे-मुंबईची माणसं "शेंगदाणा चटणी" लिहितात. नुसतं शेंगा म्हटलं तर त्यांच्याकडे ती शेवग्याचीही असू शकते. विजापूरकडून आलेल्या एका बाईंनी "शेंगा हिंडी" म्हटलं. तिकडे त्याला हिंडीच म्हणतात. हैदराबादच्या गाडीने आलेल्या एका मुलाने इंग्रजीत "पीनट चटणी" टाकलं होतं. आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांची तर वेगळीच जत्रा. चटणीला कुणी सी-एच-यू-टी-एन-ई-वाय लिहितं, कुणी सी-एच-ए-टी-एन-आय. भाकरीत बी-एच नंतर किती ए घालायचे यावर दोन माणसांचं एकमत नाही. एक काका फोन तोंडाशी धरून चक्क म्हणाले होते, "इथं जवळ चटणी कुठं मिळते." आणि बऱ्याच जणांनी चटणी हा शब्द टाकलाच नव्हता. "सोलापूरहून काय न्यावं", "सोलापूर स्पेशल". चादरवाले कुठून उगवले ते इथे कळलं. माणसाला चादरही न्यायची असते आणि चटणीही, आणि तो दोन्हीसाठी एकच शोध करतो.

शेवटी सहा शब्द ठरवले: शेंगा चटणी, शेंगदाणा चटणी, पीनट चटणी, कडक भाकरी, सोलापुरी चटणी निअर मी, आणि सोलापूर स्पेशल. ठिकाणं सात: रेल्वे स्टेशन, एसटी स्टँड, सिद्धेश्वर मंदिर, सात रस्ता, अशोक चौक, जुळे सोलापूर आणि होटगी रोड. सहा साते बेचाळीस. उधारीच्या जुन्या वहीत मागच्या बाजूने रकाने आखले.

दोन संध्याकाळी लागल्या. दर ठिकाणी स्कूटी बाजूला घ्यायची, लोकेशन चालू आहे ना बघायचं, शोधायचं, पहिली तीन नावं लिहायची आणि सोबत स्क्रीनशॉट. सुरुवातीला एक चूक केली. स्टेशनवर सगळ्यात वर दिसलेलं एक नाव मी पहिला नंबर म्हणून लिहून टाकलं. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात "प्रायोजित" लिहिलं होतं ते पुढच्या ठिकाणी लक्षात आलं. ती जाहिरात, पैसे भरून आलेली. तिला वेगळा रकाना केला. सात रस्त्यावर एका रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "ताई, कुठं जायचंय?" तिसऱ्यांदा त्याला सांगून टाकलं की चटणी शोधतेय. त्याने तिथलंच एक किराणा दुकान दाखवलं. बेचाळीस शोधांत सगळ्यात झटपट मिळालेलं उत्तर ते.

अशोक चौकाचा रकाना जवळजवळ निरुपयोगी निघाला. पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली मंडळी जास्त, शेंगदाण्याला पल्ली म्हणणारी. घरोघरी चटणी होते. फोनवर चटणी शोधणारं तिथे कोण आहे? ते ठिकाण मी नुसतं नकाशा बघून निवडलं होतं, गिऱ्हाईक बघून नाही. आज परत करायचं झालं तर त्याऐवजी पुणे नाका घेईन.

रात्री जेवणं झाल्यावर वही उघडली. नावं खूप होती, पण तीच ती फिरत होती, म्हणून टोपणनावं पाडली: चादरवाले, हॉटेलवाले, लाल बोर्डवाले, जुळेवाले, बचत गट. आणि समोरचे.

चादरवाले स्टेशन आणि एसटी स्टँडवर राज्य करत होते, पण "कडक भाकरी" टाकलं की गायब. हॉटेलवाले "सोलापूर स्पेशल"ला सगळीकडे. ते चटणी विकत नाहीत, थाळीबरोबर वाढतात. त्यांना आमचे स्पर्धक म्हणायचं की नाही यावर घरात दोन मतं पडली. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "पोट भरलेला माणूस चटणी विकत घेईल की." आत्या म्हणाल्या, "वाढलेली खाऊन बघितली की त्यांच्याकडेच मागेल." मी त्यांना वेगळ्या यादीत टाकलं. जुळेवाले फक्त जुळे सोलापुरात आणि थोडे होटगी रोडला. त्यांचं दुकान घरातच, बोर्डही नाही. तिथे आम्ही सहाही शब्दांत कुठेच नव्हतो. बचत गटाचे रिव्ह्यू अवघे पाच, पण "कडक भाकरी"ला सातपैकी चार ठिकाणी पहिल्या तिनांत, कारण नावात, फोटोत, रिव्ह्यूत सगळीकडे भाकरी आणि भाकरीच. लाल बोर्डवाले मात्र जिथे जावं तिथे.

आमचं नाव बेचाळीसपैकी अकरा वेळा आलं होतं. समोरच्यांचं नऊ वेळा. आत्यांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी "बघ!" अशा नजरेने मामांकडे बघितलं. मी मात्र रकाने पुन्हा पुन्हा चाळत होते, कारण काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. आमचे अकरा आणि त्यांचे नऊ, यातला एकही शोध सामाईक नव्हता. जिथे आम्ही, तिथे ते नाहीत. जिथे ते, तिथे आम्ही नाही. गल्ल्यावर बसून केलेल्या पहिल्या शोधातही तेच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम सात रस्त्यावर गेले. "शेंगा चटणी" टाकलं, समोरचे तिसऱ्या नंबरला, आम्ही नाही. मग नकाशा उघडून दोन बोटांनी मोठा करत गेले. आमची गल्ली स्क्रीनभर झाल्यावर त्यांच्या टिंबाशेजारी आमचं टिंब टुपकन उगवलं. होतं तिथेच. झाकलेलं होतं.

हे काय प्रकरण आहे ते शोधायला मला एक रविवार लागला. या कामातले जाणकार गुगलच्या शोधात २०१६ च्या सप्टेंबरात झालेल्या एका बदलाला पॉसम म्हणतात. अंगावर आलं की मेल्याचं सोंग करणारा अमेरिकेतला एक प्राणी आहे, त्याचं नाव. एकाच इमारतीत किंवा अगदी जवळजवळ असलेली, एकाच प्रकारची दुकानं असली की गुगल त्यातलं एक दाखवतं आणि दुसरं गाळतं. यादीत एकसारखी नावं भरू नयेत म्हणून. गाळलेलं दुकान मेलेलं नसतं, नकाशा मोठा केला की उठून बसतं.

पण आम्ही आणि समोरचे इतके एकसारखे कसे? दोन्ही प्रोफाइलं, म्हणजे गुगलवरची दुकानाच्या माहितीची पानं, शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि हसावं की रडावं कळेना. दोघांचाही प्रकार "किराणा दुकान". दोघांचीही वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दोघांच्याही माहितीत तीच तीन वाक्यं, त्यातली तीच शुद्धलेखनाची चूक. मामांना विचारलं तेव्हा आठवलं त्यांना: काही वर्षांपूर्वी मोबाइलच्या दुकानातला एक पोरगा गल्लीत फिरून तीनशे रुपयांत "गुगलवर टाकून" देत होता. सकाळी आमचं टाकलं, दुपारी समोरच्यांचं.

पंचवीस वर्षं आत्या म्हणत होत्या की समोरचे आपलं गिऱ्हाईक झाकतात. नकाशावर तरी ते अक्षरशः खरं निघालं. फक्त तितक्याच वेळा आपणही त्यांना झाकत होतो, हे मी सांगितलं तेव्हा त्या उठून भाकऱ्यांच्या डब्याकडे गेल्या.

आता लाल बोर्डवाले. त्यांना मी चार दिवस दिले, कारण खरे पुढे तेच होते. आधी बघितलं ते नावाखाली दिसणाऱ्या प्रकाराकडे. दुकानाचा मुख्य प्रकार तिथे सगळ्यांना दिसतो. त्याशिवाय नऊपर्यंत जादा प्रकार टाकता येतात, ते मात्र बाहेरून दिसत नाहीत. त्यांचा मुख्य प्रकार "मसाल्याचे दुकान". नुसत्या "किराणा"पेक्षा चटणीच्या कितीतरी जवळ. चादरवाल्यांचा "भेटवस्तूंचे दुकान", म्हणून "सोलापूर स्पेशल" त्यांचं.

मग रिव्ह्यू. आकडा किती यापेक्षा शेवटचा कधीचा ते बघायला शिकले. लाल बोर्डवाल्यांना दर आठवड्याला दोन-तीन येत होते, आमचा शेवटचा सात महिन्यांपूर्वीचा. आणि लोकांनी काय शब्द वापरलेत ते. यादीत दुकानाच्या नावाखाली कधीकधी गुगल रिव्ह्यूतलं एखादं वाक्य उचलून दाखवतं, शोधलेला शब्द ठळक करून. "शेंगदाणा चटणी अप्रतिम" असं कुणीतरी पुणेकराने लिहून ठेवलं होतं, आणि पुणेकराच्या शब्दानेच पुढचा पुणेकर तिथे पोचत होता. आमच्याकडच्या रिव्ह्यूंत काय? "छान." "मस्त." "नाइस." एकाने नुसता अंगठा.

त्यांचे साठ-सत्तर रिव्ह्यू मी सगळे वाचले. हे काम कंटाळवाणं असेल असं वाटलं होतं, पण दुसऱ्याच्या तक्रारी वाचण्यात जी मजा आहे ती काय सांगावी! एक तारावाल्यांतून खजिना मिळाला. पाकिटातून तेल गळून बॅग खराब झाली, असं चौघांनी लिहिलं होतं. भाकऱ्यांचा गाडीत चुरा झाला, तिघांनी. फोन लावला तर उचलत नाहीत. यातलं एकही दुखणं फक्त त्यांचं नव्हतं. आमच्याही पाकिटातून तेल गळतं, आम्हाला कुणी लिहून कळवलं नव्हतं इतकंच. मामांनी त्याच आठवड्यात दुहेरी पिशवी आणि भाकऱ्यांसाठी खाली-वर पुठ्ठा सुरू केला. गुगलवर काही बदलण्याआधी दुकानात बदललं ते हे.

त्यांची एक गोष्ट मात्र मला आवडली नाही. बोर्डावर त्यांचं नाव दोन शब्दांचं. गुगलवर त्याच्यापुढे "सोलापुरी शेंगा चटणी कडक भाकरी बेस्ट होलसेल" अशी मालगाडी जोडलेली. आत्या लगेच म्हणाल्या, "मग आपण पण जोडू की." नियम असा आहे की बोर्डावर, बिलावर जे नाव असेल तेच टाकायचं, जास्तीचे शब्द घुसडले तर प्रोफाइल बंदही होऊ शकतं. पण नावात शब्द असला की फायदा होतो हेही माझ्या बेचाळीस रकान्यांत स्पष्ट दिसत होतं. नियम पाळणाऱ्याने काय करायचं? नकाशावर "बदल सुचवा" म्हणून सोय आहे, तिथून मी त्यांच्या बोर्डाच्या फोटोसकट नाव सुचवलं. करताना चहाडी केल्यासारखं वाटलं. तीन आठवड्यांनी मालगाडीचे दोन डबे कमी झालेले दिसले, "बेस्ट" आणि "होलसेल". बाकीचे अजून तसेच आहेत.

मधल्या काळात एका एजन्सीचा फोन येऊ लागला. "मॅडम, पहिल्या नंबरवर आणून देतो, शिवाय पन्नास रिव्ह्यू फ्री." पन्नास रिव्ह्यू कुणाचे, विचारलं तर म्हणे आमचे लोक आहेत. असे रिव्ह्यू कसे दिसतात ते मला आता माहीत झालं होतं. यादीतल्या एका दुकानाला एकाच आठवड्यात तीस पंचतारे मिळाले होते, आणि ते लिहिणाऱ्यांनी त्याच आठवड्यात लखनौच्या जिमला आणि कोईमतूरच्या दाताच्या दवाखान्यालाही पाच-पाच तारे दिले होते. बरीच फिरणारी माणसं. पैसे देऊन नंबर वर नेण्याची सोय आमच्याकडे नाही, असं गुगल स्वतः सांगतं. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. फोनवाल्याला हे सांगितल्यावर त्याने ठेवूनच दिला.

आमची स्वतःची दुरुस्ती करायची तर प्रोफाइल त्या मोबाइलवाल्या पोराच्या ईमेलवर. पोरगा कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. मालकीसाठी अर्ज केला, तीन दिवस वाट बघितली, उत्तर आलं नाही, मग व्हिडिओने पडताळणी. गल्लीच्या तोंडापासून चालत यायचं, बोर्ड दाखवायचा, कुलूप उघडून आत जायचं, मध्ये थांबायचं नाही. ह्यांनी शूट केलं. पहिला व्हिडिओ नामंजूर, कारण कळलं नाही. दुसऱ्यात आत्या उखळाशी बसलेल्या आल्या आणि तो मंजूर झाला. उखळामुळेच, असं त्यांचं म्हणणं आहे.

मग मुख्य प्रकार बदलला, किराणा काढून "खाद्यपदार्थ पुरवठादार", जादा प्रकारांत मसाल्याचं दुकान. माहितीत साडेसातशे अक्षरं मिळतात, त्यात आमच्या भाषेतली "शेंगा चटणी" आणि पुण्याची "शेंगदाणा चटणी" दोन्ही नीट वाक्यांत लिहिलं. ज्वारीची, बाजरीची, तीळ लावलेली भाकरी, प्रत्येकीचा वेगळा फोटो. वेळ दुरुस्त केली. ही चूक सगळ्यात महागात पडली असणार. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि सहानंतर गुगल आम्हाला "बंद" म्हणत होतं. संध्याकाळच्या गाडीने निघणारं सगळं गिऱ्हाईक नेमकं सहा ते आठमध्ये येतं.

रिव्ह्यूसाठी तराजूशेजारी क्यूआर चिकटवला. आत्यांची सूचना होती की लिहिणाऱ्याला पावशेर चटणी फुकट द्यावी. तसं चालत नाही, बक्षीस देऊन रिव्ह्यू घेणं नियमात बसत नाही. म्हणून आता त्या फक्त म्हणतात, "काय घेतलं ते लिहा हो, नुसतं छान लिहू नका." लोक लिहितात. एकाने अख्खी पाककृतीच लिहिली, तीही चुकीची.

मार्चअखेर पुन्हा स्कूटी काढली, तेच बेचाळीस. अकराचे एकोणीस झाले होते. स्टेशनवर "कडक भाकरी"ला दुसरे. चादरवाल्यांना "सोलापूर स्पेशल"मधून हलवता आलं नाही, येईलसं वाटतही नाही. जुळे सोलापुरात आधीसारखंच शून्य. तिथलं माणूस जुळेवाल्यांपासून पाच मिनिटांवर आहे आणि आमच्यापासून अर्ध्या तासावर. अंतराला कुठलं प्रोफाइल पुरणार? तो रकाना मी वहीतून खोडला. सात रस्त्यावर मात्र आम्ही दुसरे होतो. आणि खाली तिसरे, समोरचे. पहिल्यांदाच दोघं एका यादीत.

आत्यांना सांगितलं.

"म्हंजे आपण बाजूला सरकलो म्हणून ते पण दिसालेत?"

"हो."

"तू एवढं पेट्रोल जाळून त्यांचा पण फायदा करून दिलीस म्हण की."

वेळ मात्र त्यांची अजून तशीच आहे, दहा ते सहा. परवा सव्वासातला एक जोडपं गल्लीच्या मधोमध उभं होतं, बॅगा खांद्यावर, नजर फोनवर. समोर ट्यूबलाइट लख्ख पेटलेली, आणि नवरा बायकोला सांगत होता, "अगं हे बंद दाखवतंय." मी आत्यांकडे बघितलं. त्या नोटा मोजत होत्या. मोजता मोजताच मान वर न करता मोठ्याने म्हणाल्या, "उघडं आहे की ते, लाइट दिसंना का?" जोडपं तिकडे वळलं. ते पायरी चढले तेव्हा आत्यांनी नोटांना रबर लावलं आणि मागून हाक मारली, "भाकरी आमच्याकडून न्या हो, पुठ्ठा घालून देतो."